वही, फोन आणि आपली दिंडी
(शताब्दी सोहळ्यात मंदिराच्या सभामंडपात दिंडीच्या व्यवस्था मंडळातर्फे केलेलं भाषण)

महाराज मंडळी, विणेकरी, टाळकरी, मृदंगवाले, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आयाबहिणी, आणि मुंबई-पुण्याहून रजा काढून आलेली आपली पोरं, सगळ्यांना दंडवत.

आधीच सांगतो, आम्हाला कीर्तन येत नाही. आम्ही गाडी, तंबू, शिधा, पाणी आणि हिशेब बघणारी पाच-सहा माणसं. शंभर वर्षांच्या सोहळ्यात आमच्यासारख्यांनी काय बोलायचं, असं आम्ही म्हटलं. त्यावर महाराज म्हणाले, ‘दिंडीत फोन आल्यापासून काय काय झालं ते सांगा. गोड तेवढंच सांगू नका.’ म्हणून उभे आहोत. बोलतोय एक, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

आधी जुनी व्यवस्था कशी होती ते बघू. नव्या पोरांना वाटतं, पूर्वी सगळं देवाच्या भरवशावर चालायचं. तसं नव्हतं. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली ती लष्करातल्या माणसाची शिस्त होती. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. कोणती दिंडी रथापुढं, कोणती रथामागं, कुणाचा नंबर कुठला, हे ठरलेलं. रथापुढं सत्तावीस दिंड्या. आपण रथामागं. लाखो माणसं चालतात, पण आपली जागा कुणाला विचारावी लागत नाही.

आणि समाजआरती आठवा. मुक्कामाला पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिकडं जातात, काय झालं ते ऐकतात आणि तिथल्या तिथं मार्ग काढतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात आणि आरती होते. कागद नाही, अर्ज नाही. आम्ही ही गोष्ट मुद्दाम आधी सांगितली, कारण पुढं तिचं काम पडणार आहे.

आपल्या दिंडीची व्यवस्था म्हणजे वही. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही. ज्येष्ठ लागला की वही मंदिरात यायची. एकानं बसायचं, एकेक माणूस येणार, नाव, गाव, भिशी किती दिली, किती बाकी. पैसे नसतील तर ज्वारी, तांदूळ, डाळ. जुन्या वह्यांत ‘दोन पायली ज्वारी’, ‘एक पत्रा तेल’ अशा नोंदी आहेत. समासात बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असायचं: ‘गुडघे दुखतात, घाटात गाडीत बसवणे’, ‘दशमीला मुलगा येऊन नेणार’, ‘भिशी घेऊ नये’. ते शेवटचं का, ते वही लिहिणाऱ्यालाच माहीत. तो कुणाला सांगायचा नाही.

बदलाची सुरवात आमच्या आठवणीत २०१६ च्या कार्तिकीला झाली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि एकादशी दोन-तीन दिवसांवर. आम्ही पंढरपुरात होतो. दिंडीचे सगळे पैसे एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीत जवळजवळ सगळ्या पाचशेच्या नोटा! किराणावाला ओळखीचा, तो म्हणाला, ‘माउली, माल न्या, पैसे नंतर द्या, पण ह्या नोटा नकोत.’ त्याच्या भल्या मनानं पंगत उठली. परत आल्यावर त्या नोटा बँकेत कुणाच्या नावानं भरायच्या हा प्रश्न पडला. दिंडीच्या नावानं खातंच नव्हतं. शेवटी चार जणांनी आपापल्या खात्यात वाटून भरल्या आणि गावात चार तोंडांनी चार गोष्टी झाल्या. आजवर ज्यांच्यावर कुणी बोट उचललं नव्हतं, त्यांना पासबुकं दाखवत फिरावं लागलं.

तेव्हा ठरलं, दिंडीचं खातं काढायचं. बँक म्हणाली, संस्थेची नोंदणी दाखवा. नोंदणीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो तर घटना हवी, विश्वस्त हवेत, त्यांचे आधार, पॅन हवेत. घटना म्हटल्यावर आमच्यातले एक वयस्कर बुवा म्हणाले, ‘आपली घटना म्हणजे पंढरीची वारी. आणखी काय लिहायचं?’ पण लिहावं लागलं. अध्यक्ष कोण, सचिव कोण, खजिनदार कोण. आपल्यात विणेकरी मोठा, फडाचे महाराज मोठे. सचिव हा शब्दच नव्हता. कागदावर जो सचिव झाला त्याची सही चेकवर चालायला लागली, आणि ज्याची सही चालते त्याच्याकडं लोक बघायला लागतात. भांडण न होता सत्ता थोडी इकडून तिकडं सरकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फायदा झाला, तोही सांगतो. दर वर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, त्यामुळं पावती फाडायची सवय लागली. २०२४ साली शासनानं दिंड्यांना वीस हजार रुपये अनुदान जाहीर केलं. ते घ्यावं की नाही यावर आपल्यात दोन मतं होती, अजून आहेत. पण कागद तयार होते, म्हणून निदान घ्यायचं की सोडायचं हे आपल्या हातात राहिलं.

मग आला ग्रुप. पहिल्या वर्षी काय गंमत! सकाळी काकड्याच्या आधी शंभर फुलांची चित्रं, सुप्रभात, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. त्यात ‘उद्या ट्रक पहाटे चारला निघणार’ हा निरोप बुडून गेला आणि सहा जणांची वळकटी मागं राहिली. दुसऱ्या वर्षी आम्ही ग्रुप बंद करून घेतला, म्हणजे फक्त ॲडमिननं लिहायचं. तेव्हा बायका म्हणाल्या, ‘मग आम्ही कुठं बोलायचं?’ त्यांचंही बरोबरच होतं.

तिसऱ्या वर्षी क्यूआर कोड. मुंबईच्या एका पोरानं उत्साहानं स्वतःच्या खात्याचा कोड छापून ट्रकला चिकटवला. मनात पाप नव्हतं. दिंडीच्या खात्यावर कोड घ्यायला बँकेत दोन खेपा पडल्या असत्या, एवढंच. पण वाटेत लोकांनी अन्नदानाला पैसे टाकले ते त्याच्या पगाराच्या खात्यात गेले. त्यातच त्याचा गाडीचा हप्ता कापला गेला. दिंडीचे पैसे कुठले आणि त्याचे कुठले, हे वेगळं करायला आम्हाला लोणंद ते फलटण तीन रात्री लागल्या. एक रुपया कमी आला नाही. तरी तो पोरगा पुढच्या वर्षी आला नाही, लाजेनं. दोन वर्षांनी त्याच्या आईनं त्याला हाताला धरून आणला. आज तो इथं बसलाय, त्याला विचारूनच आम्ही हे सांगतोय. आता कोड दिंडीच्याच खात्याचा आहे, आणि रोज रात्री जमाखर्च ग्रुपवर पडतो.

पण ह्या कोडनं एक गोष्ट हिरावली. पूर्वी कुणी मुठीत नोट घेऊन यायचं, पेटीत टाकायचं, निघून जायचं. नाव नाही, गाव नाही. आता नावासकट येतं. अकरा रुपयांनाही नाव, अकरा हजारांनाही नाव. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं सगळी यादी ग्रुपवर टाकली. एका मोलमजुरी करणाऱ्या बाईंनी अकरा रुपये पाठवलेले. यादी बघून त्या आम्हाला म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी माझं नाव नका हो टाकू.’ तेव्हापासून यादीत रक्कम येते, नाव येत नाही. नाव हिशेबाच्या पुस्तकात राहतं.

आता मुंबईकर मंडळींबद्दल. आपली निम्मी वारकरी घरं नोकरीसाठी बाहेर गेली. पूर्वी त्यांना दिंडीचं काय चाललंय ते आषाढीलाच कळायचं. निर्णय मंदिराच्या पायरीवर व्हायचे, जे गावात होते त्यांचे. फोन आल्यावर घाटकोपरहून विचारणा येते, ‘गेल्या वर्षीपेक्षा गॅसला जास्त खर्च का?’ आम्हाला आधी राग आला. वाटलं, इथं येऊन चूल पेटवून बघा. मग हिशेब बघितला तर खरंच दोन सिलिंडर जास्तीचे लिहिले गेले होते. नजरचुकीनं. मान्य केलं. पण उलटही होतं. नीरेला स्नानाच्या गर्दीत उभं राहून टँकर कुठं लावायचा हे ठाण्यात बसून ठरवता येत नाही. त्यासाठी आता असं केलंय: पैशाचे प्रश्न सगळ्यांनी विचारायचे, वाटेवरचे निर्णय वाटेवरच्यांनी घ्यायचे. हे ठरायला दोन वर्षं आणि एक मोठं भांडण लागलं. ते इथं सांगत नाही.

२०२० साल तर सगळ्यांना आठवतंय. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आपण घरात. त्या वर्षी फोन नसता तर आपण काय केलं असतं, कोण जाणे. रोज संध्याकाळी सातला फोनवर हरिपाठ. पहिल्या दिवशी चाळीस घरांतून चाळीस टाळ वाजले आणि नुसता गोंधळ. फोनवरून आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळं ठेक्याला ठेका मिळेचना. मग एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून घरात म्हणायचं. आपलंच म्हणणं आपल्यालाच ऐकू येणार. बरं होतं. पण टाळाला टाळ मिळत नव्हता, हे खरं.

वाटेवरचं आता थोडक्यात सांगतो. पूर्वी पुढच्या मुक्कामाला तंबू कुठं पडला हे शोधायला आपली पताका बघत फिरावं लागायचं. आता सकाळी पुढं गेलेली गाडी जागेचं लोकेशन पाठवते. पण ऐन गर्दीत टॉवरवर एवढा भार येतो की दिवेघाटात फोन हातात नुसता धरून ठेवायचा. म्हणून मार्गाचा नकाशा आम्ही घरूनच फोनमध्ये उतरवून घेतो, तो नेटशिवाय चालतो. आणि तंबूवर उंच पताका अजून लावतोच.

एक नवं खातंच निघालंय, चार्जिंगचं. दोनशे माणसांत दीडशे फोन! पहिल्या वर्षी तंबूत वायरींचं जाळं झालं, एकाला झटका बसता बसता वाचला. आता जनरेटरजवळ एक फळी, फळीवर नंबर, प्रत्येक फोनला कपड्याची चिंधी बांधून त्यावर तोच नंबर. हे काम बघणाऱ्याला रात्री झोप नाही. त्याला सगळे ‘पावरमंत्री’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या वहीत पखालवाल्याचं नाव आहे, आजच्या वहीत ह्याचं लिहायला हवं.

हरवलेल्या माणसांचंही तसंच. फलटणला एक बाबा चुकले, फोटो ग्रुपवर गेला आणि शेजारच्या दिंडीतल्या कुणीतरी ओळखून तासाभरात आणून सोडलं. दुसऱ्या खेपेला वाखरीत एक आजी चुकल्या तेव्हा एकाचाही फोन लागेना. त्या सापडल्या गळ्यातल्या ओळखपत्रावरच्या दिंडी नंबरावरून आणि भोंग्यावरच्या पुकाऱ्यावरून. दोन्ही ठेवायला पाहिजे एवढंच आम्ही शिकलो.

आता जे सांगायला खरं म्हणजे उभे आहोत ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही वही बंद केली. नावनोंदणी फोनवरच्या फॉर्मवर आणली. नाव, वय, गाव, मोबाईल नंबर, आजार काही असल्यास. मोबाईल नंबर भरल्याशिवाय फॉर्म पुढं जायचाच नाही. भिशी भरली की नाव पक्कं, ठरलेल्या तारखेपर्यंत नाही भरली की यादीतून आपोआप बाहेर. आम्हाला फार आनंद झाला. किती माणसं, किती तांदूळ, किती तंबू, सगळं एका बोटावर. पहिल्यांदा शिधा नेमका आला, उरला नाही, कमी पडला नाही.

आळंदीला प्रस्थानाच्या दिवशी तंबूच्या तोंडाशी एक पोरगा फोन घेऊन बसलेला, यादी बघून ओळखपत्र देणारा. आपल्यातल्या एक आजी आल्या. नाव सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या सासूबाई आपल्या दिंडीत तुळस घेऊन चालायच्या, पुढं तीस-एक वर्षं ह्या. त्यांच्याकडं फोन नाही. फॉर्म भरताना शेजारच्या पोरीनं पुण्यातल्या लेकाचा नंबर घातलेला. भिशी भरायचा निरोप लेकाला गेला. तो कामात, त्याला वाटलं आईला आता चालवत नाही, राहू द्या. त्यानं भरलं नाही, आईला सांगितलंही नाही. तारीख उलटली, नाव गेलं.

पोरगा नवा होता, मुंबईचा. त्यानं यादी दोनदा बघितली आणि अदबीनं म्हणाला, ‘आजी, तुमचं नाव यादीत नाही.’ तो उद्धट बोलला नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आजींनी वाद घातला नाही. ‘बरं’ म्हणाल्या आणि वळकटी उचलून निघाल्या.

संध्याकाळी हरिपाठाला उभे राहिलो तर विणेकऱ्यांच्या लक्षात आलं, तुळशीची जागा रिकामी. त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि शोधायला निघाले. आजी इंद्रायणीच्या घाटावर बसलेल्या. परतीची गाडी सकाळी मिळेल म्हणून रात्र तिथंच काढणार होत्या. विणेकरी म्हणाले, ‘आजी, चला.’ त्या म्हणाल्या, ‘नाव नाही म्हणाले ना. मग कसं येऊ?’

विणेकरी त्यांना घेऊन आले तेव्हा आम्ही व्यवस्थेतले सगळे जण खाली मान घालून उभे होतो. कुणी म्हणालं, सिस्टीमची चूक. तसं म्हणणं सोपं होतं. पण भिशी नाही तर नाव नाही, हे त्या फॉर्मला आम्हीच शिकवून ठेवलेलं. लाल वहीत ‘भिशी घेऊ नये’ असं समासात लिहायला जागा होती. आमच्या फॉर्मला समासच नव्हता. आणि वही लिहिणारा माणूस माणूस आल्याशिवाय नाव खोडत नव्हता. ‘यंदा का नाही आला’ म्हणून घरी जाऊन विचारायचा. ते विचारणं आम्ही कामातून काढून टाकलं होतं आणि वेळ वाचला म्हणून खूश होतो.

आजी त्या वर्षी चालल्या. पुढच्या दोन वर्षीही चालल्या. यंदा त्यांचे पाय साथ देत नाहीत, घरी आहेत. त्यांची तुळस त्यांच्या नातसुनेकडं आहे.

त्यानंतर ग्रुपवर बरंच झालं. कुणी त्या पोराला बोललं, कुणी आम्हाला, कुणी भाताच्या जुन्या तक्रारी काढल्या. तीन दिवस नुसता धूर. सासवडच्या मुक्कामी महाराजांनी सांगितलं, आपल्या दिंडीची आरती सुरू करायच्या आधी ज्याला बोलायचंय त्यानं टाळ वाजवत राहायचं. पहिल्या रात्री अकरा टाळ वाजत राहिले. एकेकाला विचारलं. समोरासमोर बोलायचं म्हटल्यावर अकरातले पाच जण हसून म्हणाले, ‘राहू द्या, झालं.’ उरलेल्या सहा जणांचं ऐकलं, चार गोष्टी लगेच बदलल्या. वेल्हाळ गप्पांना ग्रुप आहेच, पण तक्रार आता टाळावर. हा नियम अजून चालू आहे.

तर यंदाची व्यवस्था अशी. लाल वही परत आली आहे. ज्येष्ठ शुद्ध एकादशीपासून रोज संध्याकाळी सहा ते आठ ती मंदिरात असेल. ज्यांना फोनवरून नाव द्यायचंय त्यांनी तसं द्यावं, रात्री बसून आमची पोरं ते वहीत उतरवतील आणि वहीतलं फोनमध्ये. शिध्याचा अंदाज फोनवरून, नाव वहीवरून. कुणाचंही नाव घरी माणूस पाठवून विचारल्याशिवाय काढलं जाणार नाही. फॉर्ममध्ये ‘इतर सांगायचे असल्यास’ म्हणून मोठी रिकामी जागा ठेवली आहे. भिशी देणं जमत नसेल तर तिथं काही लिहू नका, वही लिहिणाऱ्याला कानात सांगा. जुन्या वह्यांची पानं झिजली आहेत, वाळवी लागली आहे. त्यांचे फोटो काढायचं काम निम्मं झालंय, उरलेल्याला मोडी वाचता येणारं कुणी असेल तर आरतीनंतर भेटावं. एक प्रत मंदिरात, एक मुंबईत, एक महाराजांकडं राहील.

आणि दिंडीच्या नावानं पैसे मागणारा निरोप आला, आणि त्यात दुसऱ्याच कुणाचं खातं असेल, तर पैसे पाठवू नका. आधी आम्हाला फोन करा. फोन नाही लागला तर मंदिरात या.

रामकृष्ण हरी!